शेवट बदलू द्यायचा का? (लू यौ, तांग वान आणि आमचा बागेतला खेळ)

अनवट | सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी,

आम्ही तिघं मिळून गेलं दीड वर्ष नोकऱ्या सांभाळून एक छोटा खेळ बनवतोय. चित्रं काढणारी मैत्रीण, प्रोग्रामिंग करणारा तिचा भाऊ आणि गोष्ट लिहिणारी मी. यात मारामारी नाही, गुण नाहीत, घड्याळ नाही. एका बागेत फिरायचं, दारं उघडायची, वस्तू हातात घेऊन बघायच्या, भिंतीवर लिहिलेलं वाचायचं. फिरता फिरता एका नवराबायकोची गोष्ट हाती लागत जाते.

गोष्ट खऱ्या माणसांची, चीनमधली, बाराव्या शतकातली. लू यौ हा दक्षिण सुंग काळातला मोठा कवी, जन्म ११२५. त्याच्या नऊ हजारांवर कविता आजही उपलब्ध आहेत. साधारण ११४४ साली त्याचं तांग वानशी लग्न झालं. दोघांचं फार जमलं, आणि तेच घरात खुपलं. मुलाचं अभ्यासातलं लक्ष उडेल ही भीती. आई हटून बसली आणि त्याला बायको सोडावी लागली. पुढे दोघांचीही दुसरी लग्नं झाली. मग ११५५ च्या वसंतात शाओशिंगमधल्या शेन घराण्याच्या बागेत दोघं अचानक समोरासमोर आले. ती तिच्या नवऱ्याबरोबर, चाओ श-छंगबरोबर आली होती. तिने लू यौसाठी मद्य आणि खाण्याचं ताट पाठवलं. तो बराच वेळ सुन्न बसून राहिला आणि मग बागेच्या भिंतीवर त्याने एक कविता लिहिली. त्यानंतर थोड्याच काळात ती वारली असं सांगतात. तो पंचाऐंशीच्या घरात पोचला आणि म्हातारपणीही त्या बागेत येत राहिला.

आता प्रश्न. आमच्या प्रोग्रामरचं म्हणणं, खेळ आहे तर खेळणाऱ्याच्या हातात काहीतरी हवं. आई बायकोला घराबाहेर काढायला सांगते तिथे ‘ऐकायचं’ आणि ‘नाही ऐकायचं’ असे दोन पर्याय द्यावेत, म्हणजे दुसरा, सुखाचा शेवटही मिळेल. चित्रकारणीचा ठाम नकार आहे. मी रोज बाजू बदलतेय. तुम्हाला काय वाटतं?

खडीसाखर | सोमवार, रात्री ९.५८

सुखाचा शेवट द्या हो. साडेआठशे वर्षं झाली, आता तरी एकत्र येऊ दे बिचाऱ्यांना.

पैलतीर | सोमवार, रात्री १०.२५

माझा चित्रकारणीला पाठिंबा. ‘नाही ऐकायचं’चं बटण दाबलं की लू यौ आणि तांग वान सुखाने नांदले आणि गोष्ट संपली. मग ती भिंत कुठे राहिली? ती बाग कुठे राहिली? ज्या जागेत तुम्ही लोकांना फिरवणार, ती जागाच त्या ताटातुटीमुळे आपल्यापर्यंत आली आहे. बटण दाबणारा स्वतःच्या पायाखालची जमीन काढून घेईल.

‘गॉन होम’ (२०१३) खेळला असाल. रिकामं घर, बाहेर पाऊस, आणि खोल्याखोल्यांतून बहिणीच्या प्रेमाची गोष्ट उलगडत जाते. तिथे मी काहीच बदलू शकत नव्हतो, तरी पहाटे दोनपर्यंत खुर्चीवरून उठलो नाही.

वाड्याचा_दरवाजा | सोमवार, रात्री १०.४१

उपक्रमाला शुभेच्छा, पण चीनला कशाला जायचं? आपल्याकडे बाजीराव-मस्तानी आहेत की. तिथेही आईचा विरोध, तिथेही ताटातूट. पाबळला मस्तानीची कबर आहे, पुण्यात केळकर संग्रहालयात मस्तानी महाल उभा केलेला आहे, रावेरखेडीला बाजीरावांची समाधी आहे. फिरायला जागा तयारच आहेत. पुण्यातल्याच मंडळींनी २०२० मध्ये ‘राजी’ हा खेळ करून दाखवला, आपल्या पुराणकथांवर आणि आपल्या चित्रशैलीत. तो मार्ग आहे ना समोर!

अनवट | सोमवार, रात्री ११.०५

@वाड्याचा_दरवाजा, ‘राजी’ बघूनच तर आम्हाला धीर आला. बाजीराव-मस्तानीवर कोणी खेळ केला तर पहिल्या दिवशी विकत घेईन. पण मी कामासाठी अडीच वर्षं हांगचौला होते. तिथून शाओशिंग जलद रेल्वेने वीसेक मिनिटांवर. पहिल्यांदा गेले ते नुसती सुट्टी म्हणून, गोष्ट अजिबात माहीत नव्हती. शेन बागेत शिरताच एक मोठा गोटा दिसतो, मधोमध दुभंगलेला, त्यावर कोरलंय ‘तुटलेला ढग’. मी फोटो काढत होते, तेव्हा शेजारच्या एका आजींनी थांबवून समजावलं की आमच्या बोलीत ‘ढग’ आणि ‘ऋणानुबंध’ हे शब्द सारखेच ऐकू येतात. त्या आजींनी मला हात धरून भिंतीपर्यंत नेलं आणि पूर्ण कविता तोंडपाठ म्हणून दाखवली. त्या दिवसापासून ही गोष्ट मला सोडत नाही. मी तीच सांगू शकते.

हाँगकाँगवाली | मंगळवार, सकाळी ७.१५

अनवट, फार छान विषय काढलास गं. मी इथे बावीस वर्षं आहे. त्या कवितेबद्दल एक गोष्ट सांगते, तुझ्या खेळाच्या आवाजांसाठी उपयोगी पडेल.

कवितेच्या पहिल्या कडव्याच्या शेवटी एकच शब्द तीनदा येतो: चूक, चूक, चूक. दुसऱ्याच्या शेवटी: नको, नको, नको. आजच्या मँडरिनमध्ये हे शब्द ‘त्सुओ’ आणि ‘मो’ असे मोकळे सुटतात. पण लू यौच्या काळाला जवळच्या जुन्या उच्चारांत त्यांच्या शेवटी ‘क्’ होता, श्वास मध्येच अडवणारा. इथल्या कँटोनीज भाषेत तो अजून टिकून आहे: ‘छोक्, छोक्, छोक्’ आणि ‘मोक्, मोक्, मोक्’. या दोन शब्दांशी जुळणारी यमकंही तशीच अडतात: ‘ओक्’, ‘पोक्’, ‘सोक्’. माझ्या शेजारणीने मला ही कविता कँटोनीजमध्ये वाचून दाखवली तेव्हा मला हुंदका ऐकल्यासारखं वाटलं. घशात काहीतरी अडकलंय आणि माणूस तरी बोलतोय, तसं.

आणि बघ, मराठीतली ‘चूक’ सुद्धा ‘क’वरच थांबते. हे तुला आयतं मिळालंय.

अनवट | मंगळवार, सकाळी ८.०२

ताई! अंगावर काटा आला. आम्ही मँडरिनमध्ये आवाज ध्वनिमुद्रित करणार होतो. आता कँटोनीज वाचणारं कोणी मिळतंय का बघते.

दगडफूल | मंगळवार, सकाळी ११.३०

खाण्याच्या ताटात काय होतं ते कोणी सांगेल का? मी इथे त्याचसाठी आलोय.

हाँगकाँगवाली | मंगळवार, दुपारी १२.१०

@दगडफूल, पदार्थांची नावं कोणी लिहून ठेवलेली नाहीत. मद्य मात्र कवितेतच आहे, पिवळ्या बंदाचं, म्हणजे सरकारी भट्टीतलं. शाओशिंग आजही तांदळाच्या पिवळ्या मद्यासाठीच ओळखलं जातं, चिकट तांदळापासून करतात, थंडीत कोमट करून पितात. कवितेचे पहिले तीन शब्द ‘गुलाबी कोवळे हात’ असे आहेत. त्यावर काही जणांचं म्हणणं असं की हे हात नव्हेतच, हाताच्या आकाराची खुसखुशीत मिठाई आहे!

दगडफूल | मंगळवार, दुपारी १२.१४

मी मिठाईच्या बाजूने.

शिल्परेषा | मंगळवार, दुपारी ३.४५

मी वास्तुरचनाकार आहे, सुचौ आणि शाओशिंगच्या बागा पाहिल्या आहेत. या खेळाला बाग हा नकाशा म्हणून का शोभतो ते लिहावंसं वाटतं.

चिनी बागेत सरळ वाट जवळजवळ नसतेच. पूल नागमोडी, वाट वळणाची, आणि प्रत्येक वळणावर भिंत. पण त्या भिंतीला जाळीदार खिडकी असते. पलीकडचं दिसतं, पण तिकडे जायचं तर लांबून फेरा घालावा लागतो. तुमच्या गोष्टीला यापेक्षा चांगलं काय हवं? पलीकडच्या मंडपात ती बसलेली दिसते, मध्ये जाळी आहे, आणि वाट दुसरीकडे वळते.

आज दिसणारी बाग बरीचशी नव्याने उभारलेली आहे. भोपळ्याच्या आकाराचं एक तळं मात्र सुंग काळातलं मानतात. भिंतीवर दोन कविता शेजारी-शेजारी कोरल्या आहेत, त्याची आणि तिची. मंडपाच्या ओळीत लाकडी पाट्यांवर प्रेमिकांनी लिहिलेले नवस टांगलेले असतात, खाली घंटा. वारा आला की सगळ्या एकदम वाजतात.

सूचना एवढीच की बाग फार मोठी करू नका. लू यौ स्वतः तिला ‘शेन घराण्याची छोटी बाग’ म्हणतो.

संशयात्मा | मंगळवार, रात्री ८.२०

रंगाचा बेरंग करायचा हेतू नाही, पण ‘खऱ्या माणसांची गोष्ट’ असं लिहिलंय म्हणून बोलतो. यातलं किती खरं?

आपण सांगता ती कथा मुख्यतः चौ मी नावाच्या लेखकाकडून येते. त्याचा जन्म १२३२ चा, म्हणजे बागेतल्या भेटीनंतर सत्त्याहत्तर वर्षांनी. तो म्हणतो की मुलगी लू यौच्या आईची भाची होती. आजचे अभ्यासक ते नाकारतात, कारण दोघींची तांग घराणी वेगळ्या गावची. तिचं ‘वान’ हे नावही सुंगकालीन लिखाणात नाही, तिथे नुसतं ‘तांग घराण्यातली’ आहे. भिंतीवरची तिची म्हणून जी उत्तराची कविता दाखवतात, तिच्या दोनच ओळी जुन्या ग्रंथात सापडतात, बाकीची नंतरच्या संग्रहांत पूर्ण झालेली दिसते. आणि गेल्या शतकातल्या काही चिनी अभ्यासकांनी तर ती प्रसिद्ध कविताही या भेटीची नव्हे, लू यौ सछ्वान प्रांतात नोकरीला असतानाची आहे असं मांडलंय.

अनवट | मंगळवार, रात्री ९.३०

@संशयात्मा, मुद्दे सगळे मान्य. म्हणूनच मी चौ मीच्या आधी लू यौच्या स्वतःच्या शब्दांकडे जाते.

११९२ ची कविता घ्या. तिच्या शीर्षकातच तो लिहितो की चाळीस वर्षांपूर्वी मी या बागेच्या भिंतीवर एक छोटी रचना लिहिली होती, आज सहज आलो तर बागेचा मालक बदललेला, रचना दगडावर कोरलेली, वाचून मन उदास झालं. कवितेत पडक्या भिंतीवरची ती नशेतली अक्षरं धुळीने माखलेली आहेत. ती रचना कोणती यावर वाद घालता येईल. भिंत, बाग आणि चाळीस वर्षं यांवर नाही.

११९९ च्या दोन कविता: बाग पूर्वीची राहिली नाही, विलोची झाडं इतकी म्हातारी झाली की त्यांचा कापूसही उडत नाही, काळीज फाटणाऱ्या पुलाखाली वसंताचं पाणी हिरवं आहे, आणि याच पाण्यात एकदा दचकलेल्या हंसाची सावली पडून गेली होती. तेव्हा तो चिनी मोजणीने पंचाहत्तर वर्षांचा. १२०५ मध्ये एक्क्याऐंशीव्या वर्षी स्वप्नात बाग येते आणि तो म्हणतो, गावाच्या दक्षिणेकडे वाट वळली की पाय टाकायचीच भीती वाटते.

आणि माझी सगळ्यात लाडकी, ११८७ ची. त्याने शेवंतीची फुलं खुडून उशी भरली. तो वास आला आणि ‘त्रेचाळीस वर्षांचं स्वप्न’ परत आलं. ११८७ मधून त्रेचाळीस वजा करा. ११४४ येतात.

आमच्या खेळात पहिली वस्तू हीच आहे. अंधारी खोली, दिवा मंद, आणि खेळणाऱ्याच्या हातात एक उशी. तिला वळवून बघितलं की शिवणीच्या एका टोकाला दोरा सुटलेला दिसतो आणि आतून वाळलेली पाकळी बाहेर येते.

संशयात्मा | मंगळवार, रात्री ९.५२

वजाबाकी करून बघितली. आता मी गप्प बसून वाचतो.

कृष्णाकाठ | मंगळवार, रात्री १०.१५

@संशयात्मा यांनी लिहिलं की ती आईची भाची असल्याचं म्हणतात. म्हणजे मामाची मुलगी! आमच्याकडे तर मामाच्या मुलीवर पहिला हक्क समजायचे. सख्खी आत्या सासू झाली की सून सुखात, असं आमची आजी सांगायची. इथे उलटंच झालं.

सिद्धेश्वर_पेठ | बुधवार, सकाळी ९.१०

अवांतर होईल, पण सोलापूरकर असून हे लिहिलं नाही तर झोप लागणार नाही. चीनमधली प्रेमकथा म्हटलं की मला डॉ. द्वारकानाथ कोटणीस आणि क्वो छिंगलान आठवतात. कोटणीस सोलापूरचे, जन्म १९१०. १९३८ मध्ये काँग्रेसने पाच डॉक्टरांचं पथक चीनला पाठवलं, त्यात ते गेले. जपानविरुद्धच्या युद्धात रात्रंदिवस शस्त्रक्रिया केल्या, बेथ्यून रुग्णालयाचे प्रमुख झाले. क्वो छिंगलान तिथे परिचर्या शिकवायच्या. १९४१ मध्ये लग्न झालं. १९४२ च्या ऑगस्टमध्ये मुलगा झाला, त्याचं नाव यिनह्वा, ‘यिन’ म्हणजे भारत, ‘ह्वा’ म्हणजे चीन. आणि त्याच वर्षी ९ डिसेंबरला डॉक्टर गेले, अवघे बत्तीस वर्षांचे. बाईंनी नंतर सत्तर वर्षं काढली, २०१२ मध्ये वारल्या. सोलापूरला घराचं स्मारक झालंय, शाळेच्या सहलीत आम्हाला नेलं होतं.

पुढचा खेळ यावर करा ताई. भाषांतराला मी फुकट येतो.

अनवट | बुधवार, सकाळी ९.४४

@सिद्धेश्वर_पेठ, वहीत लिहून ठेवलं. मुलाच्या नावाचा अर्थ वाचून बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसले. यावर नक्की बोलू.

अर्धविराम | बुधवार, दुपारी १.३०

तो प्रोग्रामर मीच. माझी बाजू मांडतो.

आम्ही पहिला भाग बारा जणांना खेळायला दिला. त्यातल्या सात जणांनी आईच्या खोलीचं दार पुन्हा पुन्हा ठोठावलं. तिथे काही ठेवलेलंच नाही, तरी. एकाने तर अर्धा तास त्याच दारापाशी घालवला. लोकांना तिथे काहीतरी करायचंय, ही खरी भूक आहे. तिला उत्तर न देणं मला बरोबर वाटत नाही.

आणि इतिहासातही लू यौ एकदम मान खाली घालत नाही. चौ मीच्या सांगण्याप्रमाणे त्याने बायकोला दुसऱ्या घरात ठेवलं होतं आणि गुपचूप जायचा. आईला सुगावा लागला, ती तिथे येऊन पोचली. आधी खबर मिळाल्याने दोघं निसटले, पण लपणं शक्य नव्हतं म्हणून अखेर तुटलं. म्हणजे प्रतिकार झालेला आहे. तो खेळात यायला हवा.

पैलतीर | बुधवार, दुपारी २.०५

@अर्धविराम, ते दुसरं घर माझ्या डोक्यात नव्हतं. ते फिरायला द्याच. एक खोली, दोन वाट्या, आणि मागचं दार उघडंच राहिलेलं.

नवी_सून_जुनी_झाले | बुधवार, रात्री १०.५०

दोन दिवस वाचतेय, लिहू की नको असं चाललं होतं.

माझ्या आत्याचं असंच झालं. कराडजवळचं गाव, साठच्या दशकातली गोष्ट. लग्नाला तीन वर्षं झाली, दोघांचं बरं चाललं होतं, पण सासूचं पटलं नाही. तिला माहेरी आणून सोडलं ते कायमचं. काकांनी नंतर दुसरं लग्न केलं. आत्याने केलं नाही, ती आमच्याकडेच राहिली, आमची सगळ्यांची बाळंतपणं तिने काढली.

मी दहा-अकरा वर्षांची असताना एका नातेवाइकांच्या लग्नात ते काका आले होते. पंगत बसली. आत्या वाढपाला होती. त्यांच्या पानापाशी आली तेव्हा तिने वाटी भरून मठ्ठा वाढला, पुढे गेली, आणि पंगतीचं टोक गाठून परत येताना न विचारता पुन्हा वाढला. त्यांना मठ्ठा आवडायचा, हे मला नंतर आईने सांगितलं. एक शब्द बोलली नाही. काकांनी दोन्ही वेळा वाटी रिकामी केली आणि हात धुवायला सगळ्यांच्या आधी उठले.

मला आजवर एकच गोष्ट जाणून घ्यावीशी वाटते. मठ्ठ्याचं भांडं उचलण्याआधी स्वयंपाकघरात तिच्या मनात काय चाललं होतं? त्यांनी तेव्हा काय करायला हवं होतं, याचा मला आता राग येऊन येऊन संपलाय.

तुमच्या धाग्यावर सगळे लू यौला काय करू द्यायचं यावर बोलताहेत. त्याने नऊ हजार कविता लिहिल्या. तिचं नावसुद्धा नीट शिल्लक नाही. तिने बागेत त्याला बघितल्यापासून ताट पाठवेपर्यंतचा वेळ मला खेळायला द्या. ती नवऱ्याला काय म्हणाली? कुठल्या शब्दांत सांगितलं?

खडीसाखर | बुधवार, रात्री ११.०२

ताई, काय लिहू. सुखाच्या शेवटाची मागणी मी मागे घेते.

हाँगकाँगवाली | गुरुवार, सकाळी ६.५०

@नवी_सून_जुनी_झाले, तुझा प्रतिसाद वाचून उठले आणि चौ मीचा तो परिच्छेद पुन्हा काढून बघितला. त्यात आपल्या सगळ्यांच्या हातून निसटलेली एक गोष्ट आहे.

मूळ वाक्य इतकंच आहे: ‘तांगने चाओला सांगितलं, मद्य आणि पदार्थ पाठवले.’ पाठवले कोणी? तिथे कर्ता नाही. अभिजात चिनीत कर्ता सहज गाळतात. तिने पाठवले असं वाचता येतं, आणि तिने सांगितल्यावर चाओने, तिच्या नवऱ्याने पाठवले असंही वाचता येतं. चार अक्षरं आहेत, आणि त्यात दोन वेगळी माणसं उभी राहतात.

आणि गंमत बघ, मराठीत हे जसंच्या तसं ठेवता येतं. ‘ताट पाठवलं’ म्हटलं की कोणी ते सांगावं लागत नाही.

शिल्परेषा | गुरुवार, सकाळी ९.२०

व्वा! चाओ श-छंगकडे कोणाचंच लक्ष नव्हतं. राजघराण्यातला माणूस, बायको सांगते की लू यौ तिकडे बसलाय, आणि तो कदाचित म्हणतो, मग काहीतरी पाठवूया.

कृष्णाकाठ | गुरुवार, सकाळी ९.४८

भाषांतराचं विचारायचं होतं. ‘नको, नको, नको’ बरोबर वाटतं का? मला ‘राहू दे, राहू दे, राहू दे’ जास्त जवळचं वाटलं. कवितेत त्याच्या आधी शपथा अजून तशाच आहेत पण पत्र धाडता येत नाही, असं म्हटल्यावर माणूस ‘राहू दे’च म्हणेल.

हाँगकाँगवाली | गुरुवार, सकाळी १०.१५

@कृष्णाकाठ, अर्थाने तुझं सरस आहे. पण ‘राहू दे’ लांबतं, मूळ शब्द एका दणक्यात संपतो. मी ‘नको’वर राहीन. तीनदा मोठ्याने म्हणून बघ, तिसऱ्या वेळी आवाज खाली येतो.

कृष्णाकाठ | गुरुवार, सकाळी १०.२३

म्हणून बघितलं. शेजारच्या टेबलावरचा सहकारी विचारतोय काय झालं. ‘नको’ मान्य.

अनवट | गुरुवार, रात्री ११.४०

आज संध्याकाळी आम्ही तिघं चार तास बसलो. हा अख्खा धागा मोठ्याने वाचला. जे ठरलं ते सांगते.

शेवट बदलणार नाही. ११९२ ची धूळ, ११९९ चं हिरवं पाणी, १२०५ चं स्वप्न, हे लू यौने स्वतः लिहिलंय, त्याला हात लावायचा अधिकार आम्हाला नाही. पण जिथे लिहिणाऱ्यांनी जागा रिकामी सोडली आहे, तिथे खेळणाऱ्याला निवड मिळेल. दुसऱ्या घरातून मागच्या दाराने निघताना बरोबर काय न्यायचं आणि काय मागे ठेवायचं, ही पहिली. अर्धविरामचं आईचं दारही उघडेल. आत ती बोलणार नाही, फक्त मुलाच्या परीक्षेची पुस्तकं रचत बसलेली असेल.

आणि ११५५ चा बागेतला भाग आता पूर्णपणे तिच्या बाजूने. जाळीतून तो दिसतो. मग तिच्याजवळ तळ्याकाठी चालण्याइतका वेळ आहे. नवऱ्याला कसं सांगायचं, हे खेळणाऱ्याने ठरवायचं. ‘माझा मावसभाऊ आलाय’ असं खोटं सांगायचं, नुसतं नाव घ्यायचं, की काही न बोलता बोट दाखवायचं. ती कसं सांगते त्यावर ताट ती पाठवते की चाओ पाठवतो हे ठरेल, पण पडद्यावर वाक्य एकच येईल: ‘मद्य आणि पदार्थ पाठवले.’ पुढे त्याची कविताही तीच राहील. त्याला कधीच कळणार नाही, खेळणाऱ्याला कळेल.

@नवी_सून_जुनी_झाले, मद्याचा पेला ती दुसऱ्यांदा भरते, असं एक छोटं हलतं चित्र चित्रकारणीने आज काढलं. तुमची परवानगी असेल तरच ठेवू.

नवी_सून_जुनी_झाले | शुक्रवार, सकाळी ६.३०

ठेवा. आत्या असती तर लाजली असती, पण ठेवा.

दगडफूल | शुक्रवार, सकाळी ९.१५

एक विचारू का? ताट कोणीतरी उचलून त्याच्यापर्यंत नेलं असणार. बागेतला गडी, नाहीतर तिची दासी. तो नागमोडी पूल ओलांडून गेला, ताट ठेवलं, आणि परत येऊन तिच्यासमोर उभा राहिला. त्याला काही बोलायला ठेवलंय का?

अनवट | शुक्रवार, सकाळी ९.२१

नव्हतं ठेवलं. आता बसते लिहायला.